काठावरचं नाव

ख्राइस्टचर्चच्या जुनी यंत्रं जपणाऱ्या आमच्या क्लबाने जुन्या मेरी-गो-राउंडचा आपोआप वाजणारा ऑर्गन दुरुस्त केला, पण त्याचं गाणं जीर्ण झालं होतं. गाणं म्हणजे घड्या घातलेला लांबलचक पुठ्ठा. जिथे भोक, तिथे सूर.

"मी पाडते नवा," आई म्हणाली.

"आई, तुला त्यांच्या संगीतातलं काय कळतं?"

"काही नाही. भोकं कळतात."

सोलापूरला चादरींच्या कारखान्यात आईने तीस वर्षं मागावर नक्षी उमटवणारे भोकांचे पुठ्ठे पंच केले होते. जुना पुठ्ठा समोर ठेवून तिने तीन आठवड्यांत नवा तयार केला.

रविवारी लाकडी घोडे फिरले आणि गाणं अगदी बिनचूक वाजलं. लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात ऑर्गन भलत्याच सुरात किंचाळला, घरघरला आणि थांबला.

"नो वरीज," क्लबाचा प्रमुख कॉलिन टेप घेऊन आला. "शेवटची भोकं चुकलीत, बुजवून टाकू."

आईने पुठ्ठ्यावर हात ठेवला. "त्याला सांग, हात लावायचा नाही."

"अगं, पण चुकलंय ना!"

"वाचता येतं ना तुला? वाच."

मी वाकून पाहिलं. शेवटच्या घडीवर भोकाभोकांनी आईचं नाव उमटलं होतं: सरोज.

"तीस वर्षं प्रत्येक चादरीच्या काठावर मालकाचं नाव पाडलं," आई म्हणाली. "हे माझं आहे. वाजेल तसं वाजू दे."