परत आलेलं रॉकेट

"हेमांगीताई, तुमचं रॉकेट गेल्या गणपतीतच हरवलं," स्पर्धेचे पंच खरमाटे सर रेडिओवर वैतागून म्हणाले. "बाजूला व्हा, यंदाच्या लोकांना उडवू द्या."

हेमांगी मैदानातून हलली नाही. या लघुग्रहावरच्या वस्तीत दर गणेशोत्सवात रॉकेटची स्पर्धा व्हायची. नियम पृथ्वीवरचाच होता: सगळ्यात उंच जाऊन परत येईल त्याला ढाल. पण इथलं गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं, की जोरात फेकलेला दगडसुद्धा परत यायचा नाही. तरीही जो तो इंधन वाढवायचा आणि रॉकेटला कायमचा मुकायचा. ढाल आजवर कुणालाच मिळाली नव्हती. गेल्या वर्षी हेमांगीने उलट बरंचसं इंधन काढून टाकलं, तेव्हा अख्खी वस्ती तिला हसली होती.

"सर, वर बघा."

काळ्या आकाशात एक लाल ठिपका मोठा होत होता. सायकलच्या वेगाने तो खाली आला आणि हेमांगीने दोन्ही हातांनी त्याचा अलगद झेल घेतला. सगळ्यांच्या हेल्मेटांत "मोरया!"चा एकच गजर झाला.

"वर्षभर वरच होतं?" सर पुटपुटले. "म्हणजे याहून उंच जाऊन परत येणारच नाही कुणी?"

"चिमूटभर इंधन जास्त घातलं असतं," हेमांगी हसली, "तर ते हरवलं हे तुमचंच म्हणणं खरं झालं असतं."