अचानक फेरी

“आजी, पुन्हा उठून बसलात?” हेमचंद्र उंबऱ्यातूनच ओरडला.

बनूबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. केस विंचरलेले, डोक्यावर पदर, एका डोळ्यावर पट्टी. सून तुळशी चहाचा कप घेऊन उभी होती.

“पालथीच हुती, डॉक्टर,” बनूबाई पुटपुटल्या. “आत्ताच उठले.”

हे ‘आत्ताच’ हेमचंद्र रोज ऐकत होता. बनूबाईंचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्याचा मागचा पडदा सुटला, तेव्हा मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हेमचंद्रने तो बसवला. पडद्याच्या खास शिक्षणासाठी तो तिथे फेलो होता, आणि सरांनी अख्खं ऑपरेशन पहिल्यांदाच त्याच्या हाती दिलं होतं. पडदा चिकटावा म्हणून डोळ्यात गॅसचा फुगा सोडला होता. फुगा नेहमी वर जाणार. म्हणून रात्रंदिवस तोंड जमिनीकडे करून पालथं राहायचं, तरच तो मागचा पडदा दाबून धरणार. उठून बसलं की सगळं मुसळ केरात.

हॉस्पिटलात खाटा कमी. सर म्हणाले, “तू अंबरनाथचा. बदलापूर तुला काय लांब? घरी पाठवू, तू जाऊन बघत जा.” तेव्हापासून हेमचंद्र बदलापूरला उतरून, रिक्षा करून वाडीवर येत होता.

पहिल्या संध्याकाळी बनूबाई बसलेल्या दिसल्या तेव्हा त्याने समजावलं. दुसऱ्या संध्याकाळी दरडावलं. घरी वडिलांना सांगितलं, तर ते हसले. शरदचंद्र एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात ऑफिसर होते, माणसं कामाला लावण्यात मुरलेले.

“वेळेवर जातोस, इथेच चुकतंय,” ते म्हणाले. “न सांगता जा. कधी पहाटे, कधी भरदुपारी. मग बघ कशी सरळ येते म्हातारी.”

हेमचंद्रला ते पटलं. त्याने सुट्टी टाकली. कधी उजाडता उजाडता गेला, कधी ऐन जेवणाच्या वेळी. बनूबाई प्रत्येक वेळी बसलेल्याच. तसाच पदर, तसाच चहा. आणि घरातले सगळे शपथेवर सांगत होते की पालथीच होती! ऐकून ऐकून त्याचं डोकं फिरायची पाळी आली होती.

आज त्याने पट्टी काढून भिंगातून पाहिलं. पडद्याची कड पुन्हा सुटू लागली होती.

“हा डोळा गेला तर नातवंडांची तोंडं दिसणार नाहीत,” तो म्हणाला. “मग मला बोल लावू नका.”

बनूबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. तो तरातरा रिक्षाकडे निघाला. तुळशी मागून धावत आली.

“डॉक्टर, रागावू नका. पन तुमी येऊ नका.”

“काय?”

“आधी आत्या खरंच पालथ्या असायच्या. तुमची रिक्षा वाजली की तेवढ्या उठायच्या. दारात डॉक्टर येनार नि बाईमानसानं पालथं पडून ऱ्हायचं, आमच्यात चालत नाय. किती सांगितलं, ऐकतच नायत.”

“पण आता तर मी कधीही येतो.”

तुळशीने पदराने डोळे पुसले. “म्हनूनच ना. तुमचा टायम ठरलेला नाय. आता त्या दिसभर बसूनच असतात.”

हेमचंद्रने रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. डोळा वाचवायला तो वेळी-अवेळी धावत आला होता, आणि प्रत्येक फेरीत तोच डोळा घालवत होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. फुगा अजून आठवडाभर टिकणार होता, एवढाच काय तो आधार.

तो परत आत गेला. बनूबाई अजून तशाच बसल्या होत्या.

“आजी, मी उद्यापासून येणार नाही,” तो हलकेच म्हणाला. “पुढच्या सोमवारी तुम्हीच हॉस्पिटलात या. तोवर कुणीही आलं तरी उठायचं नाही. मी आलो तरी नाही.”

बनूबाईंनी अवघडलेल्या कमरेवर हात ठेवला.

“म्हंजे आता निजू का मी, डॉक्टर?”