खंडेनवमीचं हत्यार

खंडेनवमीला कृष्णातनं कोयता, विळा, खुरपं धुऊन पाटावर मांडलं आणि बारावीतल्या लेकीला हाक मारली, "संयोगिता, तुझं हत्यार आण गं पुजायला!" त्याच्या मनात पुस्तकं होती. तिनं दप्तरातनं मिटता चाकू काढून कोयत्याशेजारी ठेवला.

कृष्णातनं तो उलटासुलटा करून बघितला. उघडला, मिटला. "काय कापतीस ह्यानं?"

"अजून काय न्हाई."

"मग कशाला घिऊन फिरतीस?"

"असूदे की."

"असलं जवळ ठिवलं की आपल्याच अंगावर उलटतंय, बाई." तरी हसत हसत त्यानं चाकूलाही हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

संध्याकाळी क्लासला निघताना तिनं पाटाकडं हात नेला.

"अगं, पुजलेलं हत्यार आज उचलायचं नसतंय! उद्या दसऱ्याला घे. एक दिवस न्हाई नेलास तर काय बिघडतंय?"

तिनं हात मागं घेतला. दारापर्यंत गेली, चपलेत पाय घातला आणि तिथंच थांबली.

"मग आप्पा, आजच्या दिवस क्लासपर्यंत तुम्ही येताय काय माझ्यासंगं?"