फाटकापर्यंतचा दिवा

चष्म्याची मोडलेली काडी, काळ्या चिकटपट्टीने जोडलेली.

उतारावर फुटलेला पाण्याचा पाइप. खालच्या वळणावर हिरवं शेवाळ.

डायलिसिस विभागात पहिल्या खुर्चीवर बाही वर सारून बसलेले एक आजोबा.

न लागलेला दिवा.

सूनबाईने किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. पेट्रोलचा काटा उठला, आकडे उजळले. डाव्या कोपऱ्यातले दोन पिवळे दिवे मात्र लागले नाहीत. एक एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा. दुसरा ट्रॅक्शन कंट्रोलचा. मागचं चाक घसरून गरगर फिरायला लागलं, की ती यंत्रणा त्याला आवरते. किल्ली फिरवली की दोन्ही दिवे लागायचे आणि गाडी फाटकापर्यंत पोचेतो विझायचे. रोज.

पायरीवर सासरे बसले होते. त्यांना सगळे अण्णाच म्हणत. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला. बसमध्ये दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, एवढं त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यामुळे मोटरसायकलचे हे दिवे दिसले, की रोज सकाळी त्यांचा एकच घोशा: गाडी बिघडलीय, नेऊ नकोस.

तिने परोपरीने समजावलं होतं. अण्णा, ती यंत्रणेची हजेरी आहे. हजेरी लावून दिवा विझला, की काळजी नाही. ज्या दिवशी दिवा लागणारच नाही, त्या दिवशी तुम्ही ढकललंत तरी मी जागची हलणार नाही. अण्णा मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे.

गेल्या आठवड्यात या वादापायी तिला पुन्हा उशीर झाला. ती काम करायची त्या डायलिसिस विभागाच्या इन्चार्जबाईंनी सगळ्यांदेखत सुनावलं, की आता एकदा जरी उशीर झाला, तर यायचे कष्टच घेऊ नका. त्या संध्याकाळी तिचा तोल गेला. तिने अण्णांकडून शब्दच घेतला. त्या दिव्यांबद्दल यापुढे अवाक्षर काढायचं नाही.

अण्णांनी शब्द पाळला. आठवडाभर तोंडाला कुलूप. आज तर त्यांनी कहरच केला.

"नीघ," ते म्हणाले. "उशीर होईल."

या माणसाच्या तोंडून 'नीघ' हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता.

खिडकीत नवरा दात घासत उभा होता. तोंडातला फेस सांभाळत त्याने जाहीर केलं, की साक्षात अण्णांनी परवानगी दिलीय, ते मन बदलायच्या आत सूट.

"दिवे लागत नाहीयेत."

"मग बरंच की. घरात शांतता."

तिने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. हेल्मेट टाकीवर ठेवलं आणि अंगठा त्या कोपऱ्यावर फिरवला. काच गुळगुळीत लागली नाही. एक कड लागली. नख घालून ओढली, तशी काळ्या चिकटपट्टीचा चौकोन उचकटून हातात आला. खाली दोन्ही दिवे लागलेलेच होते. पिवळेजर्द.

तिने अण्णांच्या चष्म्याच्या काडीवरच्या तशाच पट्टीकडे पाहिलं. तळपायाची आग मस्तकात गेली. दिवे बघवत नाहीत, म्हणून झाकून टाकले? बोलायला वेळ नव्हता. हेल्मेट चढवून तिने गाडी काढली.

एरवी फाटक जवळ आलं की तिची नजर रस्त्यावर जायची. बाहेर पडताक्षणी उतार, वरून येणाऱ्या गाड्या, खालचं ते वळण. दिवे विझताना तिने अलीकडे पाहिलेच नव्हते. विझतात, हे ठाऊक होतं. आज मात्र रागाने डोळे त्या कोपऱ्यावरच खिळलेले.

फाटक आलं. दिवे विझले नाहीत.

ती थांबली. गाडी वळवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली, बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा फाटकापर्यंत आणली, या वेळी जरा वेगात. दिवे जसेच्या तसे. फाटकातून खालचं वळण दिसत होतं. पाण्याचा ओघळ उन्हात चकाकत होता. त्या वळणाआधी ती रोज ब्रेक करकचून दाबायची, बिनघोर.

नवरा टॉवेल खांद्यावर टाकून धावत आला. ब्रेक लागतायत ना, मग हळूहळू जा, त्याने समजावलं. आज नाही गेलीस तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल.

"ब्रेक लागेल रे. पण त्या शेवाळावर चाक अडकलं, की मी खाली."

तिने फोन लावला. इन्चार्जबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

तिने गाडी स्टँडवर लावली. नवरा रिक्षा बघायला पळाला. ती पायरीशी आली आणि चिकटपट्टीचा तुकडा तिने अण्णांपुढे धरला.

"ही का लावलीत?"

अण्णांनी चष्म्याची काडी कानामागे सारखी केली.

"मी त्या दिव्यांबद्दल एक अक्षर तरी बोललो का?"

आदल्या संध्याकाळी अण्णा याच मोटरसायकलवर मुलाच्या मागे बसून औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन आले होते, आणि जाता-येता ते दोन्ही दिवे एकदाही विझले नव्हते.