पंपघरामागचं भगदाड

कल्पना करा बाळांनो, सोसायटीच्या भिंतीला पंपघरामागे एक भगदाड आहे, अगदी तुमच्याच मापाचं. चिमी त्यातूनच पलीकडच्या मैत्रिणीकडे खेळायला जायची. सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे तिचे आजोबाच. सुरक्षेची पाहणी करताना ते लाडीगोडीने म्हणाले, "तुम्ही पोरं पलीकडे जाता तरी कुठून? मला सांग, कुणाला कळू देणार नाही!"

चिमीने सांगितलं. संध्याकाळी गवंड्याने तिथे विटा रचल्या आणि सभेत आजोबांनी तिच्यासाठी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं, "काय इन्स्पेक्टरबाई, अजून कुठे वाट आहे का?"



"कुठेच नाही, आजोबा," म्हणत चिमी फाटकाच्या निखळलेल्या सळईला पाठ लावून उभी राहिली.