फॉर्मात न लिहिलेली किडनी

काचेच्या पेटीत म्हाळूच्या रोगाशी लढणाऱ्या नव्या पेशींची शाळा भरली होती. फॉर्मात आपलं म्हणून लिहिलेलं सोडायचं आणि बाकी दिसेल ते मारायचं, एवढंच त्यांना शिकवायचं होतं.

नर्सबाई फॉर्म बघून थांबली. "काका, बसवलेली किडनी लिहिली नाहीत?"

"ती माझी कुठंय? हिची हाय," म्हाळूनं बायको हौसाकडं बोट केलं. "खोटं कसं लिहू?"

"मग उद्या पेशी अंगात सोडल्या की त्या किडनीलाच खातील."

म्हाळूला काही उमगेना. सहा वर्षं त्यानं दुसऱ्याची वस्तू म्हणून ती जपली होती.

हौसा वैतागली. "लग्नातल्या ताटांवर माझ्या मामाचं नाव हाय. म्हणून ती मामाची का? जेवताच की त्यात. लिहा गुमान."

म्हाळूनं लिहिलं. मग हळूच विचारलं, "बाई, किडनीवर हिचं नाव घालता येतं का?"