गळा हलत नाही

मुख्याध्यापिका बाईंनी तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली, तेव्हा कुठे संगीताच्या सरांनी पेटीवरून मान वर केली.

"मी म्हटलं, तुम्ही लायब्ररी घ्या." बाई ओठ नीट हलवत म्हणाल्या, "तिथं शांतता असते."

"शांतता माझ्याकडे घरचीच आहे," सर म्हणाले.

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. नववी-दहावीच्या मुलांना यंदापासून आठवड्यातून दोन तास संगीत किंवा नाटक निवडता येत होतं. नाटकाला झुंबड उडाली. संगीताला सव्वीस जण आले, आणि तीन आठवड्यांत त्यांतल्या पाच जणांचे पालक येऊन एकच विचारून गेले: ज्यांना ऐकू येत नाही, ते गाणं काय शिकवणार? सरांचा उजवा कान पुरता गेला होता, डावा जेमतेम साथ देत होता. कानाला यंत्र लावलं की पेटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजायची, म्हणून यंत्र खिशातच असायचं.

"आजचा तास मी मागं बसून बघते," बाई म्हणाल्या. "मग ठरवू."

"बघा. आणि माझ्या वाटचं ऐकाही."

मुलं आली. शेजारच्या खोलीत नाटकवाल्यांचा आरडाओरडा सुरू झाला. बाईंच्या कपाळाला आठी पडली, सरांच्या नाही. त्यांनी डावा हात भात्यावर ठेवला आणि छाती लाकडाला टेकेल इतके ते पुढे वाकले. सूर त्यांना आता तिथून कळायचे.

फळ्यावर चार ओळींचं गाणं लिहिलेलं होतं. खिडकीतून वारा आत येतो, एवढीच त्यात गोष्ट. मुलं गाऊ लागली. शेवटच्या बाकावरच्या दोघांनी एक शब्द बदलला आणि आजूबाजूचे हसू दाबता दाबता वाकडे झाले. सरांनी भाता सोडला.

"शेवटचा बाक. फळ्यावर 'वारा' आहे, तुम्ही 'म्हातारा' म्हणताय. 'म' म्हणताना ओठ मिटतात, बाबांनो. आणि म्हातारा इथं पेटीवर बसलाय. त्याला खिडकीतून यायची काही गरज नाही."

वर्ग खो-खो हसला. ते दोघे कानशिलांपर्यंत लाल झाले. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

पुन्हा गाणं सुरू झालं. सर एकेक चेहरा बघत होते. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडेला, एक उंच मुलगी अगदी मन लावून गात होती. ओठ बिनचूक, मान डोलतेय, डोळे फळ्यावर. सर थांबले आणि उठून तिच्या बाकापाशी गेले.

"तू गात नाहीयेस."

"गातेय की, सर."

"सर, खरंच गातेय ती," शेजारची म्हणाली. "मी हिच्याच बाजूला आहे ना."

"तुला तिचा आवाज ऐकू आला?"

शेजारची मान वळवून तिच्याकडे बघू लागली. मागे बाईंचं पेन थांबलं. आतापर्यंत कुणी विचारलं असतं, तर ही मुलगी चांगली गाते असं त्यांनीही सांगितलं असतं.

"तुझा गळा हलत नाही," सर म्हणाले.

मुलगी खाली बघून काहीतरी पुटपुटली.

"वर बघून बोल. डाव्या कानात."

तिनं पुन्हा सांगितलं. सरांनी मान हलवली. नाही पोचलं. तेव्हा ती जवळजवळ ओरडलीच, "माझा आवाज घोगरा आहे! मी बोलले की दादा म्हणतो, ट्रक सुरू झाला. नाटकाच्या वर्गात गेले तर त्यांनी मला राक्षस केलं!"

कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी ते पाहिलं, पण तिकडे वळले नाहीत.

"तीन आठवडे नुसते ओठ हलवतेयस. मग संगीत घेतलंस कशाला?"

"आवडतं म्हणून." तिचे डोळे भरून आले होते, पण हनुवटी वर होती.

"ऐका रे सगळे," सर म्हणाले. "माझा एक कान गेलाय आणि दुसरा निघायच्या तयारीत आहे. तुमच्या घरी माहीत आहे, तुम्हांलाही माहीत आहे, उगाच झाकपाक नको. मला तोंडातल्या तोंडात गाणारा चालणार नाही. या खोलीत माझ्यापर्यंत पोचलं ते गाणं. बाकीचं सगळं ओठांचा व्यायाम."

ते पेटीपाशी परतले आणि त्यांनी पट्टी उतरवली. मुली कधी गात नाहीत इतकी खाली.

"पहिली ओळ. एकटी."

मुलगी उभी राहिली. तिनं बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. सरांनी भाता ओढला. तिचे ओठ उघडले आणि गळ्याची शीर ताठ झाली.

सरांना काहीच ऐकू आलं नाही. छातीशी पेटी थरथरत होती, तेवढीच. मग पुढच्या रांगेतल्या एकानं मागे वळून पाहिलं. मग दुसऱ्यानं. बघता बघता पुढच्या दोन्ही रांगांच्या माना वळल्या, मागचे दोघे टवाळ उठून उभे राहिले, आणि मघाशी फिसकन हसलेल्या पोराचं तोंड उघडंच राहिलं. कुणीही हसत नव्हतं. बाई मागून काहीतरी म्हणाल्या. "चालू ठेवा, सर," असं असावं. सरांनी तिकडे नीट पाहिलं नाही.

ओळ संपली. मुलीचा श्वास वरखाली होत होता. ती सरांकडे बघत राहिली.

"यांच्यापर्यंत पोचलं," सर म्हणाले, आणि पुन्हा पेटीवर वाकले. "आता माझ्यापर्यंत आण."